पेडलवरचा मका

१४ ऑक्टोबर. गाडीत.

रजा मिळाली. सुपरवायझर आधी म्हणाला, एवढी लांब रजा कशाला. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, बरं, जा. ते 'जा' म्हणणं त्याला किती जड गेलं असेल ते मला माहीत आहे. कोल्ड स्टोरेजचं एवढं मोठं गोडाऊन, त्यातल्या माल उचलणाऱ्या सगळ्या फोर्कलिफ्ट बॅटरीवर चालतात, आणि बॅटरी चार्ज करण्याचं अख्खं खातं माझ्याकडे. शिफ्ट संपली की प्लग लावायचे, शिफ्ट सुरू झाली की काढायचे. ऐकायला सोपं वाटतं. मी नसताना कळेल त्यांना.

घरी जायचं कारण मक्याची काढणी. खरं कारण वेगळं. आई फोनवर म्हणाली की बाबांच्या गुडघ्याने आता पार मान टाकली, या काढणीनंतर शेताचा कारभार ते कुणाच्या तरी हाती देणार आहेत. कुणाच्या ते तिने सांगितलं नाही. अशा गोष्टी फोनवर सांगत नसतात. घरात मुलगा मी एकटा. ताई आहे, पण ती इतकी वर्षं शेत बघतेय ते तात्पुरतं. मी येईपर्यंत.

मला स्वतःला काही हौस नाही. गोडाऊनमध्ये माझं उत्तम चाललंय. पण घरच्यांची गरज असेल तर माणसाने नाही म्हणू नये.

घरची आठवण वगैरे मला येत नाही. गोडाऊनमध्ये सगळं गोठलेलं असतं, कशालाच वास नसतो, त्यामुळे कधीकधी नाकाला चुकल्यासारखं होतं. तो नाकाचा प्रश्न आहे.

निश्चय: पोचल्या पोचल्या आवाज चढवायचा नाही. आधी नुसतं निरीक्षण. मग सिस्टीम. माझं शिक्षण आठवीत थांबलं हे खरं, पण ते शाळेतलं.

१५ ऑक्टोबर.

पोचलो. दार उघडं, घरात कुणी नाही. स्वयंपाकघरात टेबलावर टोपली, वर स्वच्छ फडकं. आत पाव, उकडलेली अंडी, बटाटे, एका डब्यात लोणी. आईचं हे असं असतं. स्वतः शेतात गेली, पण लेकासाठी सगळं मांडून गेली. डोळ्यांत पाणी आलं. सगळं खाल्लं, म्हणजे तिला वाईट वाटायला नको.

थोड्या वेळाने ताई धावतपळत आली. शेतातल्या सगळ्यांचं दुपारचं जेवण न्यायला आली होती. टोपलीकडे बघत जरा वेळ उभी राहिली. मग विचारलं, पोचलास? आणि बटाटे धुवायला घेतले.

संध्याकाळी आत्या (बाबांची बहीण, आमच्याकडेच असते, जिभेला हाड नाही) सगळ्यांना सांगत होती की साहेबांची गाडी वेळेवर आली, फक्त आमच्या जेवणावरून गेली.

१६ ऑक्टोबर. सकाळ.

पहाटे पाचला उठणार होतो. प्रवासाचा शीण. नऊ वाजले. उद्यापासून पाच.

१६ ऑक्टोबर. संध्याकाळ.

शेतात गेलो. निरीक्षण केलं. निरीक्षण करताना हात खिशात ठेवावे लागतात, नाहीतर माणूस कामाला लागतो आणि त्याला काही दिसत नाही.

दिसलं ते गंभीर आहे. ताई कणसं तोडते, पाटी भरते, डोक्यावर घेते, गाडीपर्यंत चालत जाते आणि रिकामी परत येते. रिकामं परत येणं म्हणजे शुद्ध नुकसान. आई मधे मधे पाणी प्यायला थांबते. आत्या वाकते, उठते, आणि दर वेळी उठताना काहीतरी बोलते. बोलण्यात किती एनर्जी जाते याचा या घरात कुणी विचार केलाय का? बाबा बांधावर खुर्ची टाकून, गुडघा लांब करून बसलेले. बोटाने दाखवतात, ती ओळ राहिली, ते कणीस अजून कच्चं आहे. अख्खं शेत एका बोटावर चाललंय.

दुपारी बांधावर जेवताना माझी थिअरी मांडली. माणूस म्हणजे बॅटरी. जेवण म्हणजे चार्जिंग, काम म्हणजे डिस्चार्ज. आपल्या घरात कुणीही केव्हाही खातो आणि केव्हाही दमतो. गोडाऊनमध्ये असं चाललं असतं तर सगळा माल वितळून वाहत गेटबाहेर आला असता. यावर उपाय म्हणजे चार्जिंगचं खातं एका जबाबदार माणसाकडे देणं.

बाबांनी सगळं ऐकलं. मधे एक शब्द बोलले नाहीत. म्हणजे पटलं.

आत्या म्हणाली, तुझी बॅटरी आल्यापासून प्लगलाच आहे रे. आत्याचं आता वय झालं.

१७ ऑक्टोबर.

पाचला उठलो नाही. पण पाचला जाग आली होती, हे नोंदवून ठेवतो.

वरच्या तुकड्यातला मका आधीच तोडून वाळवलेला आहे. आज संध्याकाळी शेडमध्ये त्याचे दाणे काढायला बसलो. आमच्या घरची जुनी पद्धत. मधे कणसांचा ढीग, भोवती सगळे. एक कणीस दुसऱ्यावर घासायचं, अंगठ्याने दाणे सोडवायचे, दाणे पुढ्यातल्या चादरीवर, रिकामं कणीस पाठीमागे. ती रिकामी कणसं वर्षभर चुलीत जातात. हे मला आवडलं. मक्यावर मका शिजतो, बाहेरून काही आणायला नको. पण वेग? हात दहा टक्के चालतात, तोंडं नव्वद टक्के. ताईने लग्न मोडायचं ठरवलं ते इथेच, गाय घ्यायची ठरली ती इथेच, शेडवर पत्रे घालायचे की कौलं हे भांडण दोन हंगाम इथेच चाललं. जेवायला बसल्यावर आमच्याकडे कुणी काही ठरवत नाही. आई म्हणते, हात गुंतलेले असले की माणूस डोकं ठिकाणावर ठेवून बोलतो. नियम एकच. जो ढिगाशी बसलाय त्याचं मत धरायचं. बाकीचे झोपायला मोकळे.

माझा अंगठा दुसऱ्याच कणसाला सोलला. मी उठलो. अंगठ्यामुळे नाही. उठलो ते डोक्यात एक विचार आला म्हणून.

मशीन.

१८ ऑक्टोबर.

वेल्डरकडे गेलो. तो माझ्या वर्गात होता, पण बिचारा दहावीपर्यंत अडकून पडला. त्याला प्लॅन समजावला. सायकलची चेन एका जुन्या पिंपाला जोडायची, पिंपाला आतून सळईचे दात. वरून कणसं टाकायची, पेडल मारायचं, खालून दाणे. डिझेल नाही, वीज नाही. इंधन एकच, जेवण. वेल्डरने चष्मा कपाळावर चढवला. मग म्हणाला, सध्या हाताला काम नाहीये, करून बघू.

सायकल ताईची आहे. तिच्यावरून ती रोज गावात अंडी पोचवायला जाते. तिला विचारणार होतो, पण ती शेतात होती, आणि सरप्राइज द्यायचं तर विचारून चालत नाही.

१९ ऑक्टोबर.

वेल्डर काल आमच्याकडे जेवला. आज दोनदा जेवला. म्हणतो, पोटात काही नसेल तर हात थरथरतो, वेल्डिंग वाकडं येतं. ही माझीच थिअरी. मी त्याला सांगितली नव्हती, तरी त्याला सुचली. म्हणजे थिअरी बरोबर आहे.

ताई आज अंडी घेऊन चालत गेली. सायकलचं मागचं चाक अंगणात भिंतीला टेकवून ठेवलं होतं, त्याच्याकडे तिने एकदा पाहिलं, एकदा माझ्याकडे. आम्हा दोघांकडे एकाच नजरेने पाहिलं.

२० ऑक्टोबर. दुपार.

उद्घाटन. बाबांना खुर्ची दिली, हातात चहा. आई, आत्या, ताई उभ्या. मी सीटवर, वेल्डर कणसं टाकायला. पेडल मारलं. आधी काहीच झालं नाही. मग सगळंच झालं. दाणे सरळ वर उडाले. थोडे पत्र्यावर गेले, थोडे बाबांच्या चहात, बाकीचे अंगणभर. कोंबड्या कुठून कुठून धावत आल्या. आमच्या कोंबड्या इतक्या आनंदात मी कधी पाहिल्या नव्हत्या. अंडी वाढणार. हा साइड बेनिफिट प्लॅनमध्ये धरला नव्हता.

बाबांनी चहातले दाणे चमच्याने काढले आणि चहा पिऊन टाकला. टाकून दिला नाही. हे पाठिंब्याचं लक्षण आहे.

२० ऑक्टोबर. संध्याकाळ.

वेल्डरने पिंपावर पोतं बांधलं. आता दाणे खाली पडतात. एक पोतं भरलं. पूर्ण पोतं, एकट्याच्या पायांवर. आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, घामाने किती भिजलास रे. ताईने पोत्यात हात घालून मूठभर दाणे बाहेर काढले, तळहातावर पसरले, आणि फुटलेले दाणे बाजूला करत बसली. ती बाजूच मोठी झाली. पण फुटलेला दाणा दळायला सोपा. निम्मं दळण झालेलंच आहे म्हणायचं.

आवाज जरा आहे. शेडमध्ये कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना, म्हणून त्या तिघी आणि बाबा आपली कणसं उचलून स्वयंपाकघरात जाऊन बसले. मला जागा मोकळी झाली.

२१ ऑक्टोबर.

पाय लाकडाचे झालेत. जिना बसून उतरलो.

पण पायांचं सोडा. भूक! अशी भूक मला आयुष्यात लागली नव्हती. सकाळी पाव आणि चार अंडी. पेडल. मग लापशी, भांडंभर. पेडल. दुपारी सगळ्यांबरोबर. पेडल. चारला परत बटाटे. आई चुलीपासून हललीच नाही. संध्याकाळी अंग इतकं आखडलं की गरम पाण्याने आंघोळ केल्याशिवाय वाकता येईना, त्यामुळे पाण्याचं मोठं पातेलं. मग परत भूक.

रात्री जेवताना ताईने हिशोब सांगितला. कुणी विचारला नव्हता. म्हणाली, दिवसभर तू जो मका काढतोस तो दळून तुझ्याच पोटात जातो. तुझ्या स्वयंपाकाला आणि तुझ्या आंघोळीला जी रिकामी कणसं जळतात, ती तू दिवसात काढतोस त्याहून जास्त आहेत. म्हणजे हे मशीन उलटं चालतंय. आपण मागच्या वर्षीच्या ढिगातली कणसं जाळून तुला या वर्षीचा मका खायला घालतोय.

मी तिला शांतपणे समजावलं की सुरुवातीचा लॉस असतो. नवी बॅटरीसुद्धा पहिल्या काही चार्जला पूर्ण ताकद देत नाही.

ताई म्हणाली, बॅटरी लोणी मागत नाही.

यावर बाबा हसले. खोकल्यासारखं केलं, पण हसले. ते ताईला वाईट वाटू नये म्हणून.

२२ ऑक्टोबर.

चूक कुठे आहे ते सापडलं. सगळा लोड एकाच बॅटरीवर पडतोय. फोर्कलिफ्ट आळीपाळीने चालवतात. उद्यापासून पेडलची पाळी सगळ्यांना.

२३ ऑक्टोबर.

पहिली पाळी आत्याची. ती नाही म्हणेल असं वाटलं होतं. पदर खोचून चढलीच. चढल्या चढल्या पेडल उलटं फिरवलं आणि चेन उतरवली. मी चेन बसवली. तिने परत उलटं फिरवलं. मी म्हणालो, आत्या, पुढे. ती म्हणाली, मला जिकडे सोपं जातंय तिकडे मी फिरवणार, मशीन तुझं आहे ना, मग त्याला शिकव. तिसऱ्यांदा चेन माझ्या बोटावर उतरली. आत्याने फुंकर घातली, हळद लावली, आणि पाळी संपली म्हणून जाहीर केलं.

आईची पाळी रद्द, कारण ती चुलीवर आहे, कारण मी पेडलवर आहे. ताईला विचारलं नाही.

मग एक विचित्र गोष्ट झाली. बाबा म्हणाले, मला बसव बघू. सीटवर बसवलं. पिंपात एकही कणीस नव्हतं. त्यांनी हलक्या पायाने पेडल फिरवायला सुरुवात केली. फिरवत राहिले. म्हणाले, बरं वाटतंय. डॉक्टरांनी मागे गुडघ्यासाठी सायकल सांगितली होती, पण रस्त्यावर पडायची भीती, म्हणून राहून गेलं. ही पडत नाही.

संध्याकाळपर्यंत उतरलेच नाहीत. मी कणसं टाकायला गेलो तर म्हणाले, नको, जड होतं.

२३ ऑक्टोबर. झोपताना.

एक विचार मनात आला आणि झोप उडाली. बाबांचा गुडघा बरा झाला तर ते कारभार देणारच नाहीत. म्हणजे मी माझ्याच हाताने, वेल्डरच्या मदतीने, स्वतःच्या पायावर... असो. वडिलांचा गुडघा बरा होतोय याचा मुलाला आनंदच व्हायला पाहिजे. झालाय. खूप झालाय.

निश्चय: उद्या असं काम करून दाखवायचं की बाबांना उद्याच्या उद्या ठरवावं लागेल.

२४ ऑक्टोबर. दुपार.

बाबा सीटवरून उतरले तेव्हा कुठे मशीन मिळालं. सकाळपासून एक पोतं पूर्ण, दुसरं अर्धं. विक्रम. जेवण पाचदा. आई म्हणाली, थोडा वेळ पड. दहा मिनिटं पडतो. दहाच. संध्याकाळी बाबांशी बोलायचं ठरवलंय. काय बोलायचं तेही ठरलंय: गोडाऊनवाले मला सोडायला तयार नाहीत, पण घरासाठी मी त्यांची समजूत काढीन.

२५ ऑक्टोबर. सकाळ.

दहा मिनिटं जरा लांबली. कोंबडा आरवला तेव्हा उठलो. अंगावर पांघरूण होतं, बूट कुणीतरी काढून ठेवले होते.

खाली आलो तर अंगणात वाळत घातलेला सगळा मका गायब. काल संध्याकाळी आभाळ भरून आलं म्हणे, वारा सुटला. सगळ्यांनी धावपळ करून मका शेडमध्ये ओढला. बाबासुद्धा उठले, पोती धरायला. मला हाका मारल्या. आत्याने पाणी शिंपडलं. आई म्हणाली, राहू दे गं, पायांचे पार तुकडे झालेत त्याचे.

पाऊस न पडताच आभाळ निघून गेलं. पण मका आत आला होता, सगळे जागे होते, म्हणून शेडमध्ये ढिगाभोवती बसले. मशीन बंद होतं, एकमेकांचं ऐकू येत होतं. आणि बाबांनी कणीस घासता घासता विषय काढला.

कारभार ताईकडे.

हे मला आईने चहा देताना सांगितलं. हळू आवाजात सांगितलं, म्हणजे चहा गरम आहे, जपून पी, असं सांगतात तसं. मी विचारलं, माझं मत? आई म्हणाली, तू झोपला होतास रे राजा. आत्या तिकडून म्हणाली, असं कसं, आम्ही विचारलं ना, वर नेमकं तेव्हा साहेब जोरात घोरले, ते आम्ही होकार धरला.

२५ ऑक्टोबर. दुपार.

मला काही वाटलेलं नाही. उलट सुटलो. शेत म्हणजे डोक्याला ताप. मी उद्याच निघतो. बॅग भरली. भरून दाराशी ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी. आई बघून गेली आणि येताना पिठाची पिशवी घेऊन आली, बॅगेत कोंबली. थांबवेल असं वाटलं होतं. नाही म्हणजे, थांबवू नये अशीच माझी इच्छा होती.

२५ ऑक्टोबर. संध्याकाळ.

शेडमध्ये बाबा पेडलवर. हळूहळू फिरवत होते. मी पोती रचायला गेलो होतो, त्यांच्याशी बोलायला नाही. त्यांनी पेडल न थांबवता विचारलं,

"जायचंय तुला?"

मी म्हणालो की तिथे माझ्यावाचून अडतं.

"ते तिथलं. मी तुझं विचारलं."

मी पोतं उचललं आणि परत तिथेच ठेवलं. बाबा म्हणाले,

"इथे राहायचंय एवढं सांगायला केवढं मोठं मशीन बांधलंस रे."

बाबांना टेक्निकल बाजू समजत नाही. मशीनचा आणि राहण्याचा काही संबंध नव्हता. तसं मी त्यांना सांगणार होतो, पण रचलेली पोती आधी परत एकदा रचायची होती.

२६ ऑक्टोबर.

उद्या निघतो असं काल लिहिलं होतं, पण आज बाबांना चेनला तेल हवं होतं.

मग सुपरवायझरला फोन केला. उद्देश एवढाच की माझ्या गैरहजेरीत किती हाल झाले ते कळावं आणि येण्याची तारीख त्यांना सांगावी. त्याने आधी विचारलं, कोण? मी खातं सांगितलं. तेव्हा म्हणाला, अरे हो, बरं झालं फोन केलास. माझ्या रजेच्या तिसऱ्याच दिवशी त्यांनी चार्जरना टायमर बसवला. आपोआप सुरू होतो, आपोआप बंद होतो. रात्रीही. काही अडलं नाही ना, असं मी विचारलं. म्हणाला, नाही, उलट आता कुणी एखादा प्लग विसरत नाही. तू यायचं असेल तर ये, खोकी उचलायला माणूस लागतोच, नाहीतर हिशोब पाठवून देतो.

म्हणजे मी नसताना त्यांना अख्खं यंत्र विकत आणावं लागलं. माणसाची किंमत तो गेल्यावर कळते ती अशी.

तरी पण तिथल्या कामगारांच्या खोलीतले पलंग, एकावर एक, आणि मोजे चुकूनही न वाळणारे. आठवलं, एवढंच.

फोनचं घरी कुणाला सांगितलं नाही. आईने विचारलं, काय म्हणाले? म्हटलं, फार आग्रह करतायत.

२७ ऑक्टोबर.

बॅग अजून दाराशी. आत्या येता-जाता तिला अडखळते आणि दर वेळी विचारते, हिची गाडी कितीची आहे?

ताई खुराड्याशी अंडी गोळा करत होती. मी सहज तिकडे गेलो. खुराड्याच्या जाळीला एक भोक होतं, ते तारेने बांधत उभा राहिलो. पायांत कोंबड्या. त्या मला फार मानतात, उद्घाटनापासून.

ताई वर न बघता म्हणाली,

"खालचा तुकडा अजून तोडायचा राहिलाय. त्यानंतर नांगरट आहे. बाबा पेडलवरून उतरत नाहीत. मला माणूस हवाय."

मी म्हणालो, बघायला पाहिजे, कारण मला दुसरीकडूनही विचारणा आहे.

"पहाटे उठायचं. आधी मला विचारायचं, मग करायचं. सायकल बाबांना लागतेय, ती राहू दे तिथेच. अंडी तू पोचवायची. चालत."

मी म्हणालो, माझ्याही काही अटी आहेत. ती म्हणाली, सांग. मी सांगितल्या. पहिली, एनर्जीचं खातं माझ्याकडे राहील. दुसरी, चार लोकांत मला कुणी रागवायचं नाही. तिसरी, नव्या कल्पनांना वाव. तिने अंडी मोजता मोजता सगळं ऐकून घेतलं. खरं म्हणजे फार नीट ऐकलं. मग टोपली माझ्या हातात दिली आणि म्हणाली की त्यात दोन अंडी तडकलेली आहेत, ती वर ठेव, आईला दे, आणि जाळी छान बांधलीस.

जाळी छान बांधलीस. तिने हे स्वतःहून म्हटलं. आत्या साक्षीला नव्हती हे वाईट झालं.

विचार करून सांगतो असं मी म्हणालो. स्वयंपाकघरापर्यंत जाईपर्यंत विचार केला. आईला अंडी दिली आणि म्हटलं, ते पीठ बॅगेतून काढ, ओल लागली तर खराब होईल. आईने लगेच जाऊन बॅगच उपसली. कपडे धुवायला टाकले, सगळेच, धुतलेले पण.

२७ ऑक्टोबर. संध्याकाळ.

आज ढिगाशी बसलो. बाबांनी पेडल थांबवलं होतं. अंगठ्याला चिंधी बांधली होती, तरी चौथ्या कणसाला दुखायला लागलं. बसून राहिलो. विषय निघाला की खालच्या तुकड्यात पुढच्या हंगामाला काय लावायचं. मी माझं मत दिलं. ते कुणी मानलं नाही, पण धरलं.

आत्याने माझ्या पुढ्यातली चादर बघून विचारलं, हे तुझे आजचे दाणे की कालचे राहिलेले?

२८ ऑक्टोबर. पहाट. अंधार आहे.

आजपासून शेताचा कारभार ताई आणि मी मिळून बघणार. रात्री सगळं रीतसर ठरवून घेतलं, म्हणजे पुढे वाद नको. जबाबदारी अगदी निम्मी निम्मी. काय करायचं ते ती ठरवणार, आणि मी ते करणार.

ताई खालून हाक मारतेय. दुसरी हाक मारायची वेळ कुणावर आणायची नाही, हा या खात्यातला माझा पहिला नियम.

तिसरी हाक.